१८ फुटी जुनी फायबरची होडी: हतनूरसाठी घ्यावी का?

पूर्णाकाठ

रामराम मंडळी. हतनूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये, मुक्ताईनगरच्या अंगाला, जाळी टाकायला होडी हवी आहे. दोन माणसं, जाळी आणि परतताना शंभर-सव्वाशे किलो मासळी, एवढाच भार. पुढेमागे लहान इंजिन लावायचा विचार आहे.

सुरतजवळ किनाऱ्यावर एक फायबरची होडी बघून आलो. लांबी १८ फूट, रुंदी ५ फूट, मागची फळी इंजिन लावायची. आधी समुद्रात चालायची, आता तीन पावसाळे उघड्यावर सरळ पडून आहे. मालक इंजिनाशिवाय ४२,००० मागतो. आणायचं भाडं १४,००० वेगळं. नवीन सपाट बुडाच्या होडीचं कोटेशन १,१५,००० आलंय.

जे दिसलं ते असं. मागच्या फळीवर इंजिनाच्या बोल्टची चार भोकं उघडी आणि त्यांच्याखाली तपकिरी ओघळ. तळाला मधोमध, पुढून चारेक फुटांवर, फायबरचे धागे उघडे पडलेत, साधारण साडेतीन मीटर लांबीत. आतली प्लायची जमीन एका जागी पायाखाली दबते. बाहेरचा रंग पांढरा पडलाय, हात फिरवला की भुकटी लागते. काठाजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. मालक म्हणतो, दोन मॅट (काचेच्या धाग्यांच्या चटया) मारल्या की झालं. जळगाव एमआयडीसीत कूलरच्या बॉड्या करणारा एक कारागीर दुरुस्ती करून द्यायला तयार आहे.

घ्यावी का? आणि परत जाईन तेव्हा नेमकं काय तपासू?

रेझिन_मॅट

भाऊ, तुमच्या यादीत रंगाची भुकटी आणि बारीक रेघा सगळ्यात जास्त डोळ्यांत भरतात, पण त्यांचं मोल सगळ्यात कमी. वरचा जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. उन्हाने तो खडूसारखा होतो, घासून रंग दिला की काम भागतं. रेघांचं एवढंच बघा: एका बिंदूपासून चहूकडे फुटल्या असतील तर तिथे मार बसलाय, आतल्या बाजूने तीच जागा तपासा. काठाला समांतर असतील तर तो भाग लवतोय.

खरा प्रश्न मागच्या फळीचा आहे. बाहेरून फायबर दिसतं, पण आत ३५ ते ४० मिमी जाड प्लायवूड असतं, आणि इंजिनाचा सगळा जोर त्यावर येतो. बोल्टची भोकं उघडी राहिली की पाणी थेट प्लायच्या थरांत मुरतं. तपकिरी ओघळ म्हणजे कुजलेल्या लाकडाचा रस. त्यात होडी तीन पावसाळे सरळ पडलेली. पावसाचं गोडं पाणी लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा लवकर कुजवतं, म्हणून समुद्रात चालत असताना झालं नसेल तेवढं नुकसान किनाऱ्यावर पडून झालेलं असू शकतं.

तपासायला शंभर ग्रॅमची लहान हातोडी न्या. माठ घेताना बोटाने वाजवून बघतो तसं दर दोन इंचांवर वाजवत जा. टणक, खणखणीत आवाज आला तर थर जुळलेले आहेत. बद्द आवाज आला तर थर सुटलेत किंवा आत पाणी आहे. खडूने त्या जागेभोवती गोल करत चला, शेवटी किती भाग गेलाय ते नकाशासारखं समोर येतं. मग मालकाच्या परवानगीने फळीला आतल्या बाजूने, खालच्या भागात, ६ मिमीचं भोक पाडा. ड्रिलच्या बिटला ३० मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे बाहेरचं फायबर फुटणार नाही. भुसा कोरडा, फिकट निघाला तर लाकूड चांगलं. काळा, ओला, कुबट वासाचा निघाला तर फळी गेली. अशी तीन भोकं पुरेत. लगेच पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने बुजवा.

दुसरी गोष्ट वजनाची. होडी पिकअपमध्ये घालून काट्यावर न्या, एकदा होडीसकट आणि एकदा रिकामी गाडी. रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्या तोलतात तसला लहान काटा शोधा. मोठ्या ट्रकच्या काट्यावर दहा-वीस किलोंचा फरक सहज पडतो. कोरडं वजन असं काढा: तुमच्या मापाच्या होडीचं फायबरचं क्षेत्रफळ साधारण १२ चौरस मीटर, जाडी ७ मिमी धरली तर ८४ लिटर, आणि फायबरची घनता दीड, म्हणजे सव्वाशे किलो. प्लायची जमीन, मागची फळी, बाकं, आतले लांब दांडे, काठ हे सगळं मिळून शंभर-सव्वाशे. कोरडी होडी अडीचशेच्या आत बसायला हवी. त्यावर जेवढे किलो जास्त, तेवढे लिटर पाणी लाकडात आणि फोममध्ये अडकलंय.

तळाला फोड असतील तर एक फोडून बघा, डोळ्यांपासून लांब धरून. आतल्या पाण्याला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर रेझिनमध्येच, म्हणजे काचेचे धागे धरून ठेवणाऱ्या रसायनातच, पाणी शिरलंय.

तापी_बॅकवॉटर

वरचं सगळं बरोबर आहे, पण त्याच्या आधीचा प्रश्न राहिला. होडी समुद्राची आहे. समुद्राच्या होडीचं बूड लाटा कापायला इंग्रजी व्ही अक्षरासारखं असतं. धरणात ते उलट त्रासाचं. उथळ पाण्यात लवकर टेकते, आणि जाळं ओढायला एका बाजूला दोघं आले की कलते.

हतनूरमध्ये गाळ भरपूर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठ लांब जातो आणि होडी गाळ-मुरमावरून ओढावी लागते. दोन माणसांना दीड-दोनशे किलोंची होडी लाकडी रूळ टाकून सरकवता येते, साडेतीनशेची जागची हलत नाही. कटला-रोहूची जाळी रोज पहाटे काढायची असतील तर हा त्रास रोजचा आहे.

बुडाचा उतार मोजून घ्या. मागच्या बाजूला मधल्या कण्यावर सरळ पट्टी आडवी धरा, लेव्हल लावा, आणि कण्यापासून ६० सेंमीवर पट्टी आणि बूड यांतलं अंतर मोजा. १० सेंमीच्या आसपास असेल तर चालेल. १६ सेंमीच्या वर असेल तर उतार १५ अंशांच्या पुढे गेला. मग फुकट मिळाली तरी धरणासाठी घेऊ नका.

पूर्णाकाठ

जाऊन आलो. निकाल असे:

उतार ६० सेंमीला ११ सेंमी. वजन ३४० किलो. मागच्या फळीत तीन भोकं पाडली. वरच्या भोकाचा भुसा कोरडा, खालच्या दोन्हींचा काळा आणि ओला. पिळल्यावर बोटाला पाणी लागलं. वाजवून बघितलं तर फळीचा खालचा दोन तृतीयांश भाग बद्द. बाजूंचे आवाज सगळीकडे खणखणीत, फोड कुठेच नाहीत. तळाच्या झिजलेल्या पट्ट्यात निम्मी जाडी गेलीय, म्हणजे ६ मिमीमधली ३, पण आरपार कुठे नाही. जमीन उचकटून बघितली तर आतल्या दोन लांब दांड्यांचं लाकूड चुरा झालंय, वरचं फायबर तेवढं उभं आहे. पुढच्या बाकाखालचा फोम स्पंजसारखा ओला.

कारागिराने सामान आणि मजुरी मिळून ३१,००० सांगितले.

रेझिन_मॅट

आता चित्र स्पष्ट झालं. कवच चांगलं आहे, लाकूड सगळं गेलंय. ९० किलो पाणी आहे ते फोम आणि लाकूड काढलं की जाईल. ही होडी दुरुस्त होण्यासारखी आहे, पण ४२,००० ची नाही. पाण्यात उतरेपर्यंतचा सगळा खर्च नव्या होडीच्या साठ टक्क्यांच्या आत राहिला तरच जुनी घ्यावी, कारण दुरुस्तीत काहीतरी नवीन निघतंच. साठ टक्के म्हणजे ६९,०००. त्यातून भाडं १४ आणि काम ३१ वजा केले की २४,००० उरतात. त्याच्या वर जाऊ नका. काळ्या भुशाची पुडी मालकासमोर ठेवा, बोलणं सोपं होईल.

कारागिराबद्दल. कूलरच्या बॉडीला साधं जीपी पॉलिएस्टर रेझिन आणि त्यात खडूची भुकटी चालते, कारण ती वस्तू पाण्यात बुडून राहत नाही. होडीला आयसोफ्थॅलिक रेझिन सांगा, भुकटी न मिसळलेलं. कॅन आपल्यासमोर फोडायला लावा. गाडीच्या डेंटिंगची पुट्टी पाण्याखालच्या भागात अजिबात नको, ती पाणी पिते.

सामान असं लागेल. मागची फळी साधारण १.२ मीटर रुंद, अर्धा मीटर उंच. १८ मिमीचे दोन थर, म्हणजे आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायची ८ बाय ४ ची एकच शीट, आणि उरलेल्यात कोपऱ्यांचे आधारही निघतात. आयएस ३०३ चं कमर्शियल प्लाय स्वस्त पडतं पण होडीत टिकत नाही. दर चौरस मीटरला ४५० ग्रॅमची चॉप मॅट (तुकडे केलेल्या धाग्यांची) ७ किलो, ६०० ग्रॅमची रोव्हिंग (विणलेलं काचेचं कापड) १ किलो. चॉप मॅट वजनाच्या अडीचपट रेझिन पिते, रोव्हिंग तेवढ्यास तेवढं. त्या हिशेबाने मागच्या फळीला कोपऱ्यांचा भराव धरून ७ किलो, तळाला साडेतीन, दांड्यांना साडेपाच, वर वाया जाणारं. रेझिन २० किलो घ्या. शिवाय ॲसिटोन ५ लिटर, हवेचे बुडबुडे काढायचा धातूचा खाचेदार रोलर, आणि ग्राइंडरला ४० नंबरच्या डिस्क दहा-बारा.

मागची फळी आतून उघडायची. कडेने ५ सेंमीची पट्टी ठेवून आतलं फायबर ग्राइंडरने कापा, कुजलेलं प्लाय छिन्नीने पार काढा. बाहेरचं कवच जसंच्या तसं राहू द्या, आकार त्यावरच टिकतो. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी दोन-तीन आठवडे वाळवा. वाळलं का ते असं कळतं: एक फूट बाय एक फूट पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून चिकटवा आणि एक दिवस ऊन लागू द्या. आतून दव धरलं तर अजून थांबा. इथेच घाई होते, आणि ओल्या फायबरवर मारलेली मॅट वर्षभरात पापडासारखी सुटते.

पुठ्ठ्याचा साचा करून प्लाय कापा. सगळ्या कडांना, भोकांनाही, रेझिन पाजा. प्लायच्या कडा हेच पाणी पिण्याचं तोंड. बाहेरच्या कवचावर रेझिनने भिजवलेली एक मॅट, त्यावर पहिलं प्लाय, पुन्हा भिजवलेली मॅट, त्यावर दुसरं. बाहेरून आडवी फळी लावून बोल्टने दाबा. चारही बाजूंनी रेझिन बाहेर आलं पाहिजे. एखाद्या बाजूने आलं नाही तर तिथे आत पोकळी आहे. कोपऱ्यात एरोसिल (रेझिन दाट करणारी बारीक भुकटी) मिसळलेल्या रेझिनचा गोलसर भराव द्या, कारण मॅट काटकोनात बसत नाही, तिथे हवा राहते. वर मॅट, रोव्हिंग, मॅट, मॅट. पहिली बाजूंवर आणि तळावर १५ सेंमी चढवा, पुढची प्रत्येक थोडी जास्त.

इंजिनाच्या बोल्टसाठी थेट भोक पाडू नका. १० मिमीचा बोल्ट असेल तर आधी १६ मिमीचं भोक पाडा, ते इपॉक्सीने पूर्ण भरा, घट्ट झालं की त्यात १० मिमीचं पाडा. मग बोल्ट लाकडाला शिवतच नाही. मूळ होडीत एवढं केलेलं असतं तर आज ही फळी गेली नसती.

तळाच्या पट्ट्यासाठी जाडी कमी झालेल्या भागाच्या कडा एकास बारा उतरत्या घासा. ३ मिमी गेलीय तर दोन्हीकडे ३६ मिमी उतार. तीन थर ४५० चे, सर्वांत रुंद आधी, कारण त्याचीच पकड जुन्या फायबरवर सगळ्यात जास्त क्षेत्रात बसते. शेवटी नेमक्या कण्यावर ७५ मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या जास्तीच्या, मुरमावर घासायला. आतल्या दांड्यांचं लाकूड काढून टाका. त्यांचं काम वरची फायबरची नळी करते, लाकूड फक्त साचा होता. त्या जागी पीयू फोमच्या पट्ट्या ठेवून दोन थर मारा. थर्माकोल वापरू नका, पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन त्याला पाहता पाहता विरघळवतं.

पूर्ण जमीन परत बसवू नका. उचलता येतील अशा फळ्यांच्या जाळ्या टाका, खाली पाणी साचलं तर दिसेल.

तापी_बॅकवॉटर

फोमबद्दल एक भर. फायबर पाण्यापेक्षा जड आहे, होडी भरली की सरळ तळाशी जाते. बाकांखाली मिळून २०० लिटर तरंगती जागा हवीच, निम्मी पुढे आणि निम्मी मागे. नुसती पुढे ठेवली तर मागचं इंजिन होडीला उभी करून बुडवतं. २० लिटरचे घट्ट झाकणाचे दहा प्लास्टिक कॅन पट्ट्यांनी बांधले तरी चालतात. फोमपेक्षा त्यांचा फायदा असा की फुटलेला कॅन दिसतो आणि बदलता येतो.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मे महिन्यात भुसावळकडे ४५ अंशांत मगात घोळलेलं रेझिन ब्रश लावायच्या आत जेली होतं. उलट जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंशांत ते तासन्‌तास चिकट राहतं. त्या दिवसांत सकाळी अकरा ते चार ही वेळ धरा, हिरव्या नेटच्या सावलीत. पावसाळ्यात तर हातच लावू नका.

यावल_रोड

रसायनांबद्दल लिहिते, कारण कारागीरही यात निष्काळजी असतात.

रेझिन घट्ट करायला दोन गोष्टी लागतात, कोबाल्ट आणि हार्डनर, म्हणजे एमईकेपी. या दोन थेट एकमेकांत कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, त्यानंतर हार्डनर. बरंचसं रेझिन कोबाल्ट घालूनच येतं, जांभळट-गुलाबी दिसतं. दुकानात स्पष्ट विचारा आणि तसं असेल तर वेगळं कोबाल्ट घरात आणूच नका.

हार्डनरचं प्रमाण एक ते दोन टक्के. अर्धा किलो रेझिनला ५ मिली म्हणजे साधारण एक टक्का. मोजायला सुईशिवायची सिरिंज ठेवा, बाटलीच्या झाकणाने अंदाज नको. ऊन आहे म्हणून एक टक्क्याच्या खाली गेलात तर वरून घट्ट वाटतं पण आत कच्चं राहतं, मग ते कधीच पूर्ण पिकत नाही. गरमीत प्रमाण कमी करण्यापेक्षा घोळ लहान करा, एका वेळी अर्धा किलो, आणि मगाऐवजी पसरट ट्रेमध्ये ओता. खोल भांड्यात ते स्वतःच्या उष्णतेने उकळतं, धूर येतो. एका बैठकीत तीन-चार थरांच्या वर जाऊ नका, त्याचंही कारण हेच.

हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडायची नाही. गेलाच तर लगेच स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटं धुवत राहा आणि तसंच दवाखान्यात न्या. पाण्याची भरलेली बादली हाताशी हवी, नळ शोधायला वेळ मिळत नाही. हार्डनर ॲसिटोनमध्ये पातळ करू नका. ब्रश धुतलेलं ॲसिटोन धरणात ओतू नका. उरलेलं रेझिन वाळूत उघडं ठेवून थंड झाल्यावरच टाका. घासताना पूर्ण बाह्या, धुळीचा घट्ट मास्क, आणि नंतर आधी गार पाण्याने अंग धुणं. म्हणजे काचेची कुसळं धुऊन निघतात.

शेवटच्या थराला वॅक्स मिसळलेलं रेझिन मारा. साध्या रेझिनचा वरचा पापुद्रा हवेमुळे चिकटच राहतो, त्यावर रंग धरत नाही.

संस्था_सचिव

कागदांचं बघा, नाहीतर होडी सुधारून काठावरच राहील. धरणातली मासेमारी ठेक्याने मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असते. आपण सभासद असाल तरी या होडीसाठी संस्थेचं लेखी संमतिपत्र आधी घ्या.

समुद्रातली होडी आहे तर तिच्यावर आयएनडी-जीजे असा सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल. मालकाचं नाव त्या नोंदणीशी जुळतं का, तिच्यावर कर्ज किंवा अनुदानाचा बोजा आहे का, हे तिथल्या मत्स्य कार्यालयात विचारा. नोंदणी रद्द केल्याचा कागद आणि स्टॅम्पवर विक्रीपत्र, दोन्ही हातात पडल्यावर पैसे.

आणि २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मंजूर घटक खर्चाच्या ४० टक्के अनुदान सर्वसाधारण गटाला आणि ६० टक्के अनुसूचित जाती-जमाती व महिलांना असतं. ते नवीन होडीला, जुन्याच्या दुरुस्तीला नाही. आपल्या संस्थेच्या नावाने सध्या होडी-जाळ्यांचे प्रस्ताव घेत आहेत का, हे जळगावच्या सहायक आयुक्त कार्यालयात आधी विचारून या. मंजुरी आधी, खरेदी नंतर, हा क्रम मोडू नका. मिळण्यासारखं असेल तर तुमचा सगळा हिशेब बदलतो.

पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडतात तेव्हा, इंजिन असो नसो, भिंतीच्या बाजूला जायचं नाही. ४१ दरवाज्यांची ओढ काठावरून कळत नाही.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, ताईंचे विशेष. कार्यालयात विचारलं, या वर्षी आमच्या संस्थेचा प्रस्ताव नाही. मालक २३,००० वर आलाय, नोंदणी रद्द करून द्यायला तयार आहे. घेतो. पुढच्या आठवड्यात कोंडाईबारी घाटातून आणायची आहे. गाडीत कशी ठेवू?

तापी_बॅकवॉटर

निघण्याआधी ओला फोम आणि सुटी जमीन तिथेच काढून टाका, ओझं तेवढं कमी. गाडी १४ फुटी असेल तर होडी मागे चार फूट बाहेर येईल, लाल कापड आणि रात्रीसाठी दिवा लावा. जमलं तर १७ फुटी बघा.

सरळ ठेवा, पुढचं टोक केबिनकडे. खाली भुसा भरलेली पोती किंवा जुने टायर चार ठिकाणी, कण्याखाली आणि दोन्ही बाजूंना. नुसत्या कण्यावर ठेवली तर आधीच निम्म्या जाडीचा पट्टा घाटातल्या दणक्यांनी तडकेल. दांडे कुजलेत म्हणजे होडीला आतून आधार नाही, म्हणून पट्टे आवळताना दोन्ही काठांच्या मध्ये लाकडी आडवे दांडके अडकवा, नाहीतर काठ आत ओढले जातात. दोर नको, रॅचेटचे पट्टे घ्या, काठाशी गोणपाटाची घडी ठेवून. तळाचं बूच उघडं ठेवा. साक्रीला थांबून एकदा पट्टे तपासा, घाट पार केल्यावर ते सैल झालेले असतात.

घरी आली की पालथी घालण्याआधी विटांवर-पोत्यांवर समतल ठेवून बूच लावा आणि आत फक्त चार इंच पाणी भरा. तेवढ्याचंही ओझं बरंच होतं, म्हणून आधार दर दोन फुटांवर हवेत. दोन तास बाहेरून बघा, जिथे ओल दिसेल तिथे मार्करने खूण करा. घासायला सुरुवात केल्यावर या जागा सापडत नाहीत.